पाना न लागलेली

बंपर रंगवलेले नाहीत, कारखान्यातून काळेच्या काळे आलेले. चाकं सोळा इंची, साध्या लोखंडाची. एसी नाही. वर्णनावरून एखाद्या सरकारी खात्याची गाडी वाटेल, पण ही होती स्पोर्ट्स कार. २०१२ च्या एप्रिलमध्ये टोयोटाने जपानात ‘८६’ विकायला काढली, तेव्हा तिचा ‘आरसी’ नावाचा हा सगळ्यात स्वस्त अवतार होता. किंमत १९ लाख ९० हजार येन. घेणारा घरी नेऊन ती उघडणारच, मग जे काढून कोपऱ्यात टाकायचं त्याचे पैसे त्याच्याकडून कशाला घ्यायचे, असा सरळ हिशेब. कंपनीने स्वतःच मान्य करून टाकलं होतं की शौकिनाचं आमच्यावर भागणार नाही. ही गोष्ट वाचली आणि ती डोक्यातून जाईना.

मला त्याहून गंमत वाटली ती वरच्या, पूर्ण रंगवलेल्या मॉडेलांची. इंजिन दोन लिटरचं, सुमारे दोनशे हॉर्सपॉवर, वजन बाराशे किलोच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना. इथपर्यंत सगळं स्पोर्ट्स कारला शोभेलसं. टायर मात्र मिशेलिनचे प्रायमसी. पेट्रोल वाचवण्यासाठी नावाजलेल्या प्रियसच्या काही मॉडेलांवर चढत तसलेच. ही काटकसर नव्हती. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांनी ठरवलंच होतं: टर्बो नको, चारही चाकांना ताकद नको आणि रस्त्याला चिकटून बसणारे टायरही नकोत. पकड बेताची असली की गाडी बेताच्या वेगातच बोलायला लागते. मागचं चाक सुटू पाहतंय हे कळायला जीव धोक्यात घालावा लागत नाही. अशा गाडीत चाळीसच्या वेगाला जी मजा येते, ती रुंद टायरवाल्या महागड्या गाडीत दीडशेच्या पुढे गेल्यावर येते; आणि दीडशेला मजा मोजायला डोकं ताळ्यावर नसतं.

शौकिनांनी गाडी घेतली आणि पहिल्यांदा टायर बदलले. मग सायलेन्सर. मग साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या मध्ये इंजिन जरा दम धरतं म्हणून एक्झॉस्टचे पाइप आणि संगणकातलं गणित. ती उणीव खरी होती, नाही कोण म्हणतो? पण ताकदीतल्या त्या खड्ड्यावरून उडी मारायला गिअर कधी पाडायचा, हे पायाला शिकवून घेणारे किती आणि चेकबुक काढणारे किती, असा एक कुजका प्रश्न माझ्या मनात येतोच.

नाव टोयोटाचं, पण ही गाडी तयार व्हायची सुबारूच्या कारखान्यात; तो गुन्मा प्रांतातल्या ओता गावचा. त्याच गुन्मात हारुना नावाचा डोंगर आहे. १९९५ साली सुरू झालेल्या शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या मांगामालिकेत त्याला आकिना असं नाव दिलंय. शाळकरी पोरगा बापाच्या दुकानातला टोफू पहाटे जुन्या टोयोटा एई८६ मधून डोंगरावरच्या हॉटेलांना पोचवतो. गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवलेला. पाणी सांडलं म्हणजे टोफू मोडला.

आमच्याकडे हापूस असायचा.

मे महिन्यात मामा रत्नागिरीहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या आणायचा, स्वतःच्या प्रीमियर पद्मिनीतून. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक घोडे, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मागच्या सीटवर पेट्या रचलेल्या, फटींतून पेंढा बाहेर डोकावणारा, आणि उरलेल्या वीतभर जागेत मी. माझं काम एकच, वरची पेटी धरून बसायचं. साखरपा मागे पडलं की मामाचं बोलणं थांबायचं आणि आंबा घाट सुरू व्हायचा. चाळीस घोड्यांत घाट चढायचा म्हणजे वेग हा कमवायचा आणि मग जपायचा. वळणाआधी एकदा उधळला की चढावर तो परत मिळत नाही. म्हणून मामा वळण दिसायच्या आधीच वळायला लागलेला असायचा. हॉर्न, मग पाय हलकेच वर, दांडा खाली, आणि वळणाच्या पोटात असतानाच पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर. कुठेही हिसका नाही. ब्रेकचा उपयोग तो जवळजवळ अपमान झाल्यासारखा करायचा. एखादी पेटी करकरली तर स्वतःशीच ‘च्च’ करायचा. मला वाटायचं मी नीट धरली नाही म्हणून, पण ते त्याचं त्याच्यासाठी असायचं. आंब्याला घरी गेल्यावर दोन दिवसांनी डाग दिसतो, आणि मामा तो डाग बघून वळण सांगू शकेल असा मला तेव्हा विश्वास होता. घाटमाथ्यावर आंबा गावात गाडीला दम खाऊ द्यायचा. मामा बॉनेटवर तळहात ठेवून उभा राही, चहा येई, आणि खालून धापा टाकत येणाऱ्या ट्रककडे तो जाणकारासारखा बघे. ‘बघ, तिसऱ्यात आला असता की हा.’ जाताना, म्हणजे कोकणात उतरताना, नियम उलटा: ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. त्या वेळी पेट्या नसायच्या, तरी तो तसाच चालवायचा. अर्थात तेव्हा गाडीत मामी असायची.

गॅरेजचा मिस्त्री त्याच्या मागे लागलेला असे. त्या काळी अनेकजण पद्मिनीचा गिअर खाली, जमिनीवर घेत. जीपमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसे, हॉर्न गाणी म्हणत, मागच्या काचेत दिवे लुकलुकत. ‘काका, गिअर खाली घेऊया की, हाताला बरा पडतोय,’ मिस्त्री म्हणायचा. मामा म्हणायचा, ‘आधी हाय त्यो तरी पुरता वापरू दे.’ गाडी विकली तेव्हा त्याने गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगितलं, ‘सगळं कंपनी फिटिंग हाय. इंजिनाला पाना लागलेला न्हाई.’ गिऱ्हाइकाने ती नेली आणि गिअर खाली घेतला.

म्हणून मी मूळ गाडीच्या बाजूचा असेन असं वाटेल, पण पुरता नाही. त्या टोफूवाल्या गाडीतही बापाने सस्पेन्शन आधीच आपल्या हाताने लावून ठेवलेलं असतं. आणि ‘कंपनी फिटिंग’ तरी आभाळातून पडतं का? १९८९ मध्ये होंडाने सुझुकाच्या ट्रॅकवर शर्यतपटू आयर्टन सेनाच्या हाती आपल्या एनएसएक्स या स्पोर्ट्स कारचा नमुना दिला. तो म्हणाला, गाडी जरा नाजूक वाटते. मग होंडाची माणसं जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला कित्येक महिने सांगाडा ताठ करत बसली. म्हणजे विक्रीला आलेली ‘मूळ’ गाडी ही कुणाच्या तरी तक्रारीनंतरचीच. त्याच वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या माझ्दा एमएक्स-५ चं उलट: ती वळणावर चांगलीच कलते, कारण भार कुठल्या चाकावर गेला हे चालकाच्या कमरेला कळावं अशी तिच्या कर्त्यांची इच्छा होती. लोक घेतात आणि आधी तिच्या स्प्रिंगा ताठ करतात. गाडी कलायची थांबते, आणि कमरेला कळायचंही थांबतं.

तरीही कारखाना गाडी बनवतो तो कुणा एकासाठी नाही. त्याला माझी उंची ठाऊक नसते, माझा घाट ठाऊक नसतो. मिरजेहून आणलेल्या नव्या तंबोऱ्याची जवारी गवई आपल्या कानाला रुचेल अशी करून घेतोच, आणि त्याला कुणी तंबोरा बदलला म्हणत नाही. चाकांचा कोन, ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल, सीटची बैठक, झिजल्यावर बरे टायर: एवढं मी जवारीत धरतो. इंजिनाच्या पुढे मात्र हात जोडावेत. आणि सायलेन्सरच्या बाबतीत मी पोलिसांच्या बाजूचा आहे; जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरतो तेव्हा मला बरं वाटतं, हे लपवून काय करू? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर बोट ठेवून सांगितलं, की कंपनीच्या मूळ नमुन्यापासून गाडी बदलता येणार नाही. मामाला तो निकाल आवडला असता. जीपमध्ये मॅटाडोर घुसवणाऱ्या मिस्त्र्याला नसता आवडला, आणि तोही त्याच्या परीने कलावंतच होता.

मूळ गाडीत शौकिनाचं समाधान होतं का, या प्रश्नात मला गाडीपेक्षा तिच्यातली उणीव महत्त्वाची वाटते. उणीव नेमकी आणि प्रामाणिक असेल तर ती हाताला काम देते. २०२१ मध्ये टोयोटाने ८६ ची दुसरी पिढी आणली, इंजिन २.४ लिटरचं केलं, आणि तो मधला खड्डा भरून आला. गाडी सरस झाली यात शंका नाही. पण आता तिथे कुणाला काही शिकायचं राहिलेलं नाही.

ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन नावाची विजेवरची गाडी आणली. ताकद साडेसहाशे घोड्यांच्या घरात, गिअर बदलायचा प्रश्नच नाही. तर त्यांनी तिला आठ खोटे गिअर दिले. स्टिअरिंगमागची पट्टी ओढून गिअर बदलला की गाडी मुद्दाम हिसका देते, वेळेवर बदलला नाही तर ताकद अडवून धरते, आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. लोक याला हसतात. मला हसू येत नाही. परिपूर्ण यंत्रात चुकायला जागा उरली नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती जागा कारखान्यातूनच बसवून दिली. आता उणीवही कंपनी फिटिंग. ही सगळी सोय हवी तेव्हा बंद करता येते. ती गाडी कधी हाती आलीच तर मी गिअर चालू ठेवीन, आवाज तेवढा बंद करीन.