मडक्यातला पांढरेपणा

शिंदीच्या झाडाचा रस खाचेतून बाहेर पडतो तेव्हा तो गोड, पारदर्शक आणि जवळजवळ उदासीन, म्हणजे ना आम्ल ना आम्लारी, असतो. परंतु बाहेर पडल्या क्षणापासून यीस्ट, म्हणजे साखरेचे मद्य करणारे सूक्ष्म किण्व, आणि त्याच्या जोडीचे जिवाणू त्या रसावर काम करू लागतात, आणि नीरा काढणाऱ्याचे सारे कसब त्या क्षणापासून पहाटे मडके उतरवेपर्यंतच्या काही तासांत पणाला लागते. झाडावर कसे चढावे, खाच किती खोल घ्यावी, झाडाला विसावा केव्हा द्यावा, हे या कामातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. ज्या एका गोष्टीने पिढ्यान्‌पिढ्या कारागिरांना छळले ती मडक्याची स्वच्छता, आणि त्यातही मडक्याला सर्वांत शेवटी जो लावला जातो त्या चुन्याचा भरवसा.

वर्ध्याच्या परिसरात या प्रश्नाला वेगळे वजन आहे. 14 डिसेंबर 1934 रोजी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली वर्ध्यातल्या मगनवाडीत त्याचे काम उभे राहिले, आणि गजानन नाईक यांनी ताड-शिंदीच्या रसापासून गूळ करण्याच्या उद्योगाला आयुष्य वाहिले. ज्या झाडाचा रस गुत्त्यात जात होता तो घराघरांत अन्न म्हणून जावा, ही त्यामागची भूमिका होती. पुढे 1974 पासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आली. अशा ठिकाणी आंबलेली नीरा हा केवळ वाया गेलेला माल राहत नाही, कारण कायदा न आंबलेल्या रसालाच नीरा मानतो आणि आंबलेल्याला ताडी. म्हणजे रात्रीतून मडक्यात जे घडते त्यावर पहाटे हातात अन्न आहे की दारू, हे ठरते. कारागिराच्या निष्काळजीपणाला एवढी मोठी किंमत असलेले धंदे थोडेच असतील.

चुना कशासाठी लावतात हे सर्वांना ठाऊक असते, पण तो केव्हा निरुपयोगी होतो याकडे फारसे कोणी पाहत नाही. कळीचा चुना पाण्यात विझवला की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. ते तीव्र आम्लारी असते, आणि त्यामुळे किण्व मंदावतात, शिवाय रसातले सुक्रोज, म्हणजे उसाच्या साखरेसारखीच साखर, फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होत नाही. ती फुटली तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. पण हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्या जातीचा पदार्थ, होऊ लागतो, आणि त्याची धार गेलेली असली तरी रंग तसाच पांढरा राहतो. अडचण आहे ती इथे. आदल्या दिवशी पोतून ठेवलेले मडके आणि संध्याकाळी झाडावर चढण्यापूर्वी पोतलेले मडके शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक दिसत नाही. उलट जुने मडके अधिक कोरडे, अधिक शुभ्र आणि अधिक नीटनेटके दिसते, आणि नवखा माणूस नेमके तेच उचलतो. आतल्या अंगाला ओल्या हळदीचे बोट टेकवले तर ताज्या चुन्यावर ते तत्काळ लाल होते आणि जुन्यावर पिवळेच राहते. हळद आणि चुना यांपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. लिंबाचा थेंब टाकला तर उलटे घडते, कारण खडू झालेल्या चुन्यावर तो फसफसतो आणि ताज्यावर फसफसत नाही.

चुना ताजा असला तरी तो लावणारे साधन स्वच्छ आहे का, हा प्रश्न उरतोच, आणि तो अधिक चिवट आहे. मातीच्या मडक्याच्या छिद्रांत कालच्या रसाचा अंश मुरलेला असतो आणि त्यात ल्युकोनोस्टॉक नावाच्या, साखरेपासून बुळबुळीत चिकटा तयार करणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते. त्या चिकट्यावर चुना पोतला तर चुना वर आणि जिवाणू खाली, अशी स्थिती होते. म्हणून घासणे ही पहिली गोष्ट आणि जंतू मारणे ही दुसरी, हा क्रम मोडता येत नाही. घासून, उकळत्या पाण्याने विसळून, उन्हात तापवलेल्या मडक्यालाही नंतर कालच्याच कुंचल्याने चुना लावला, तर सकाळचे सारे कष्ट त्या एका फटकाऱ्यात वाया जातात. बांबूची नळी तर त्याहून कठीण, कारण ती झाडावरच राहते, तिला कोणी रोज उतरवत नाही, आणि रसाचा प्रत्येक थेंब तिच्यावरूनच मडक्यात येतो. बंगालमध्ये खजुराच्या रसाची मडकी धुऊन, वाळवून, धुराने शेकतात. ती रीत उत्तम आहे, पण धूरही नळीपर्यंत पोहोचत नाही. बांगलादेशात वटवाघळांनी उष्टावलेल्या रसातून निपाह विषाणूची लागण झाल्याचे सिद्ध झाल्यावर खाच आणि मडके बांबूच्या चटईने झाकण्याचा प्रयोग झाला. तसे झाकण आपल्याकडेही रोजचे व्हायला हवे, कारण चुना विषाणूंवर पहारा देईल असे गृहीत धरण्याला आधार नाही.

घरी बिअर करण्याची प्रथा ज्या देशांत आहे तेथील कारागिरांपुढे अगदी हीच अडचण वेगळ्या रूपाने उभी राहते. हॉप, म्हणजे एका वेलीचे कडवट शंकूसारखे फुलोरे, उकळीत टाकले तर चिंता नसते. परंतु सुगंधासाठी ते आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये टाकले जातात आणि तेव्हा उकळीचे संरक्षण संपलेले असते. हॉपमधली आम्ले अनेक जिवाणूंना आवर घालतात, बिअरमधले मद्य आणि आम्लताही मदतीला असते. त्यामुळे तेथे धोका फुलोऱ्यापेक्षा तो ज्या कापडी पिशवीत बांधला तिचा, तिच्या दोऱ्याचा, तिला बुडवायला घातलेल्या वजनाचा आणि झाकण उघडणाऱ्या हाताचा अधिक असतो. जाणते लोक पिशवी, दोरा आणि वजन आधी धुतात आणि मग उकळतात. लुई पाश्चर यांनी 1876 साली बिअरवरच्या ग्रंथात बिघाडाचे कारण सूक्ष्मजीवांत शोधले, आणि राखणदार म्हणून घातलेल्या वस्तूसोबत कोण आत येते हा प्रश्न त्या दिशेनेच पुढे आला. चुना आणि हॉप दोघेही राखणदार आहेत, आणि दोघांनाही नेऊन ठेवणारा हात मात्र राखणदार नाही.

आज चुन्याला पर्याय म्हणून थंडीचा मार्ग पुढे येतो. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने नारळाच्या रसासाठी बर्फाची पेटी विकसित केली आहे आणि त्या रसात चुना घालावा लागत नाही. ही पद्धत निःसंशय श्रेष्ठ आहे, परंतु विखुरलेल्या शिंदीच्या झाडांवर ती परवडेल असे वाटत नाही. याउलट रस्त्याकडेला पेल्यात बर्फ टाकून विकली जाणारी नीरा ही या कलेची अधोगती आहे, कारण तेथे रात्रभर जपलेल्या रसात अखेरच्या क्षणी कोणत्याही नळाचे पाणी घातले जाते.

जुन्या कारागिराला आपल्या नाकाचा अभिमान असतो. मडके तोंडाशी नेले की ते उद्या दगा देईल की नाही, हे तो सांगतो. प्रस्तुत लेखकही तो अभिमान मनापासून बाळगत आला आहे, आणि हळदीने दिलेला निर्णय आपल्या वासाशी जुळला की आजही सुखावतो. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते आणि नाक शिकाऊ मुलाच्या हाती सोपवता येत नाही, हळदीचे बोट मात्र सोपवता येते, हे मान्य करूनही तो अभिमान सुटत नाही. नीरा घेणाऱ्यांनी भाव विचारण्यापूर्वी मडक्याला चुना केव्हा लावला आणि कशाने लावला, एवढे अवश्य विचारावे.