उतरणीची सोबत

सपाट रस्त्यावर सगळेच स्नेही असतात. चढ लागला, म्हणजे ज्याचा दम मोठा तो पुढे निघतो, आणि मागच्यासाठी थांबावे की नाही, हे त्याला ठरवावे लागते. म्हणून मी म्हणतो, माणूस पारखायचा असेल तर त्याच्याबरोबर डोंगरात सायकल चालवावी.

शनिवारी माझी शाळा सकाळची. जेवण उरकून मी डोंबिवलीहून लोकलने ठाण्याला जातो. माझी सायकल मित्राच्या गॅलरीत, त्याच्या सायकलीला टेकून आठवडाभर विश्रांती घेत असते. तिला लोकलमध्ये चढवण्याची कल्पना ज्याला सुचेल, त्याने डोंबिवली स्टेशन पाहिलेलेच नसावे! उपवन तलाव मागे टाकला, की येऊरचा चढ सुरू होतो आणि आमच्या गप्पा आपोआप बंद पडतात.

या जाड टायरांच्या सायकलींचे माहेर अमेरिकेत. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपाईसच्या परिसरात काही तरुण जुन्या, दणकट सायकली उतारावरून पिटाळू लागले. १९७६ साली तेथे शर्यती सुरू झाल्या. त्या उताराला ‘रीपॅक’ म्हणत. कारण खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकातले ग्रीस जळून जाई, ते पुन्हा भरावे लागे. १९९६ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये जाऊन बसला. पण आपली मुंबईही काही कमी नव्हती. १९२३ साली येथून निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ साली परतले. आम्हां दोघांची प्रदक्षिणा पाटोणपाड्यापर्यंत!

पूर्वी आम्ही सूर्य बुडेपर्यंत वर रेंगाळत असू. हे राष्ट्रीय उद्यानाचे रान. अंधारावर येथे बिबट्याचा हक्क. तरी तांबूस उजेडात खाली सुटण्याची गोडी काही और होती. उतारावर मित्र नेहमी पुढे. मी ब्रेक दाबीत मागून येई आणि तो वळणावर माझी वाट पाहत उभा असे.

गेल्या वर्षापासून सूर्य बुडण्याच्या बऱ्याच आधी आम्ही परततो. मित्राच्या डोळ्यांच्या पडद्यावर, मंद उजेडात पाहणाऱ्या ज्या दंडपेशी असतात, त्या हळूहळू विझत चालल्या आहेत. दुखणे आनुवंशिक. भर दुपारी त्याला सागाच्या पानावरची शीरसुद्धा दिसते; ऊन कलले, की रस्ता पुसट होऊ लागतो. डॉक्टरांनी हे सांगितले, त्या दिवशी तो मला एवढेच म्हणाला, “आता उतारावर तू पुढे हो. तुझा पांढरा सदरा दिसतो तोवर मला रस्ता आहे.”

तेव्हापासून मी पुढे असतो. “खडी!” “डावीकडे खड्डा!” असे ओरडतो आणि मागून “हूं” येते. वर्गात हजेरी घेताना मी इतक्या काळजीने कधी कान दिलेला नाही. एकदा “हूं” आले नाही. मी सायकल टाकून वर धावलो. तो रस्त्याच्या कडेला पश्चिमेकडे तोंड करून स्वस्थ उभा होता. “ओरडू नकोस रे,” तो म्हणाला, “हा रंग अजून दिसतोय, तोवर बघून घेतो.” मीही उभा राहिलो. दुसरे काय करणार?

पुढे काय, हा प्रश्न आम्ही दोघेही टाळीत होतो. मग मी कुठेसे वाचले, की पॅरालिंपिकमध्ये दृष्टिहीन सायकलपटू दोन आसनांच्या सायकलीवर मागे बसतात आणि डोळस सोबती पुढे बसून हँडल सांभाळतो. भीत भीत मी हे त्याच्या कानावर घातले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मागे बसून नुसते पेडल मारू? लेका, तुझ्यासारख्या भित्र्याच्या हाती ब्रेक असतील, तर आपण घरी कधी पोचायचे? ब्रेक माझ्याकडे हवा.”

तशा सायकलीला मागच्या बैठकीवरूनही ब्रेक लावता येतो, असे ऐकून आहे. दिवाळीच्या सुटीत दुकानात जाऊन चौकशी करणार आहे. किमतीचे मात्र घरात अजून बोललेलो नाही.