रोपाची पाठराखीण

दगडाची खाण बंद पडली म्हणजे तिच्यावर दोन पावसांत गवत उगवेल आणि पांच-सात वर्षांत झाडी माजेल, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या दहिसरास डोंगराच्या अंगावर अशा जुन्या खाणींचे घाव आहेत. एकीकडे राष्ट्रीय उद्यानाचें दाट रान आणि दुसरीकडे उघडा काळा खडक. आमच्या घरचीं व शेजारचीं मुलें दर आषाढांत अशाच एका उतारावर रोपें लावीत. वैशाखापर्यंत त्यांतलीं निम्मींही तगत नसत. तीन वर्षें हेंच झाल्यावर धाकटा पुतण्या म्हणाला, "काकू, आतां पुरे. दगडावर कोण श्रम करणार?"

त्याला बोल लावणें मला रुचलें नाहीं. मात्र तेथें उणीव केवळ पाण्याची नाहीं. खाणींतून निघालेला मुरूम खोल पोटांतला. त्याला मुळाचा स्पर्श कधीं झालेलाच नसतो. वरची जिवंत माती आधींच खरवडून गेलेली, आणि तिच्याबरोबर एक सूक्ष्म बुरशीही गेलेली असते.

बुरशी म्हटली कीं आपणां गृहिणींना लोणच्याची बरणी आठवते! ही बुरशी मात्र निराळी. ती मुळाच्या पेशींत शिरते, बाहेर केसाहूनही बारीक तंतू दूरवर पसरते, स्फुरद व पाणी आणून झाडाला देते आणि मोबदल्यांत झाडानें केलेली साखर घेते. फ्रँक नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं अशा जोडीला 'मायकोरायझा' हें नांव दिलें. परंतु जोडी सुमारें ४० कोटि वर्षांची जुनी आहे. पूर्वीं नवी सून सासरीं निघाली कीं तिच्यासंगें पाठराखीण जात असे. रोपाला मात्र आपण परक्या भुईंत एकटेंच धाडतों.

नागपूरच्या 'नीरी' या संस्थेंत डॉ. आशा जुवारकर व त्यांचे सहकारी यांनीं हें ओळखलें. सावनेर तालुक्यांतील गुमगांवच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर त्यांनीं साखर कारखान्याची मळी, नत्र देणारे जिवाणू व ही बुरशी खड्ड्यांत घालून साग, शिसव, निंब अशीं झाडें वाढविलीं. चंद्रपूरकडील कोळशाच्या ढिगाऱ्यांवरही असाच प्रयोग झाला. बुरशी एकटीच पुरत नाहीं, तिला खाऊंपिऊं घालणारी मळीही हवी, हें मला त्यांत विशेष वाटलें. बाजारांतल्या पुड्यांच्या जाहिराती याविषयीं मौनच पाळतात. आणि खतावलेल्या बागेच्या मातींत तर त्या पुडीचा उपयोग फारसा होत नाहीं.

ही बुरशी जिवंत मुळावांचून वाढत नाहीं. म्हणून ती कुंडींत ज्वारीच्या किंवा मक्याच्या मुळांवर वाढवितात. पुतण्याला मीं एवढेंच ऐकविलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें आमच्याच अंगणांतल्या जुन्या आंब्याच्या मुळांजवळची ओंजळभर माती काढली, आणि माघांत गच्चीवरच्या सहा कुंड्यांत ती मिसळून ज्वारी पेरली. ज्येष्ठांत ताटें कापून मुळें बारीक करावयाचीं व मातीसकट, गोठ्यांतल्या कुजलेल्या शेणखतांत कालवून, खड्ड्यांत घालावयाचीं, असा बेत आहे. निम्मे खड्डे मुद्दाम तसेच ठेवणार आहे, म्हणजे फरक कळेल. सासूबाईंनीं मात्र पक्ष्यांपासून कणसें राखण्याचें काम आपण होऊन पत्करलें आहे.