एक सूत

बाबा सुतार. घरात मापं इंच-सुतातच बोलली जायची. आठ सुतांचा एक इंच. इथे आयडाहोत, गॅरेजमधल्या बाकावर .44 मॅग्नमची काडतुसं भरायला बसलो की तेच माप आठवतं. याची पुंगळी जुन्या .44 स्पेशल काडतुसापेक्षा बरोबर एक सूत लांब आहे.

या काडतुसामागचा माणूस एल्मर कीथ आमच्या याच राज्यातल्या साल्मन गावात राहायचा. आधी तो .45 कोल्टमध्ये दारू ठासायचा. 1925 साली त्याच्या हातातलं जुनं रिव्हॉल्व्हर फुटलं. मग तो .44 स्पेशलकडे वळला, कारण भोक लहान म्हणून सिलिंडरची भिंत जाड. पुढची तीसेक वर्षं तो जोरदार .44 काडतुसासाठी कारखानदारांच्या मागे लागला होता. 1955 साली रेमिंग्टनने हे मॅग्नम काडतूस केलं आणि स्मिथ अँड वेसनने ते पेलणारं रिव्हॉल्व्हर.

स्पेशलच्या दाबाची मर्यादा चौरस इंचाला 15,500 पौंड, मॅग्नमची 36,000. जुन्या हत्याराला हा दाब झेपणार नाही. ते एक सूत एवढ्याचसाठी: मॅग्नम जुन्या सिलिंडरमध्ये बसतच नाही. स्पेशल मात्र नव्यात खुशाल बसतं. या काडतुसात मला सगळ्यात मोठी वाटते ती ही काळजी.

गोळी साधारण 240 ग्रेनची. तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे सव्वा तोळ्याहून थोडी जास्त. धक्क्यासरशी हत्यार मागे येतं आणि सिलिंडरमधल्या बाकीच्या गोळ्या जागेवरच राहू पाहतात. पहिल्याच हिवाळ्यात चौथ्या बारानंतर माझा सिलिंडर अडकला. पाचवी गोळी पुढे सरकून बाहेर डोकावत होती. पुंगळीचं तोंड मीच नीट वळवलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक काडतूस बोटांत फिरवून कडेवरून नख ओढतो. पितळ गोळीच्या खाचेत उतरलेलं नखाला कळतं.

लोक हरणाच्या शिकारीला हे नेतात, अस्वलांच्या रानात कमरेला लावतात, नेमबाजीच्या स्पर्धेत दोनशे मीटरवरचे लोखंडी मेंढे पाडतात. 1971च्या ‘डर्टी हॅरी’ने याला नाव मिळवून दिलं, पण नुसत्या जोराचं वेडही लावलं. 2003 साली आलेलं .500चं काडतूस याच्याहून कितीतरी जबर आहे. मला त्याची ओढ नाही. धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच डोळा मिटतो, आणि मग नेम कसला?

परवा शेजारचा मुलगा वडिलांबरोबर शिकायला आला. त्याच्यासमोर मी स्पेशलचीच पेटी उघडली. त्याने दोन्ही पुंगळ्या शेजारी उभ्या केल्या आणि वरच्या फरकावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिला.