ढब्बूचा पाय

"बाळाचं वय किती?" औषधांच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी वाचत विचारले.

"दीड वर्ष."

"वजन?"

"साडेआठशे ग्रॅम."

त्याने हातातले पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले की, मला खुलासा करावाच लागला. बाळ आमचेच होते. पण ते गिनीपिग होते, त्याचे नाव ढब्बू होते आणि त्याचा मागचा उजवा पाय मोडला होता.

कुर्डुवाडीसारख्या गावात गिनीपिग पाळणे म्हणजे रोज दहा जणांच्या शंकांना उत्तरे देणे. "हा ससा का? मग कान कुणी कापले?" "उंदीर म्हणावा तर शेपूट कुठंय?" "मांजर खात नाही का ह्याला?" नावाने तर गोंधळात भरच पडते. हा प्राणी डुक्कर नव्हे आणि गिनी देशाचाही नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. पेरूकडचे लोक हजारो वर्षांपासून त्याला घरात पाळत आले आहेत, तेही लाडासाठी नव्हे, ताटात वाढण्यासाठी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तिथे तो मुलांचे खेळणे झाला. आमच्याकडे तो पुण्याहून आला. माझ्या भावाची बदली झाली, नव्या घरमालकाला प्राणी चालेना आणि भाचरांचे अश्रू पुसण्यासाठी मी मोठ्या मनाने म्हणाले, "द्या आमच्याकडे." मोठे मन करताना माणसाने आधी थोडी चौकशी करावी, हे मला पुढे कळायचे होते.

त्याच्यासाठी पिंजरा मीच आणला. चांगला उंच, तळालाही जाळी असलेला. लेंड्या खाली पडतील, रोज झाडायचे काम वाचेल, हा माझा हिशेब. आमचे अण्णा म्हणजे माझे सासरे. ते ओसरीवर बसून पिंजऱ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "अगं, ह्याच्या पायाखाली फळी नाही. माणसाला कुणी नुसत्या रुळांवर झोपवतं का?"

मी हसले. अण्णांची सारी हयात रेल्वेच्या कारखान्यात सुतारकामात गेली. त्यांना प्रत्येक गोष्टीत रूळ दिसायचेच, असे मला वाटले.

मे महिन्यातल्या एका दुपारी स्वयंपाकघरात मी एक आवाज ऐकला. ढब्बूची नेहमीची शीळ मला ठाऊक होती. कोथिंबिरीची जुडी सोडली की तो घर डोक्यावर घेई. हा आवाज तसा नव्हता. धावत गेले तो त्याचे मागचे पाऊल जाळीत अडकलेले आणि तो अंगाला हिसके देत असलेला. धाकटीने त्याला दोन्ही हातांनी धरले, मी जाळी वाकवली. पाय सुटला तो लोंबकळतच.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी ढब्बूला टेबलावर ठेवले, चष्मा वर केला आणि सरळ सांगून टाकले, "बाई, मी म्हशी बघतो, शेळ्या बघतो. ह्याचं मला वाचावं लागेल. आज दुखणं कमी करायचं औषध देतो, उद्या परत या." माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो ह्याच वाक्याने. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच वाचून आले होते. गुडघ्याखाली हाड चिरले होते, पण जागचे सरकले नव्हते. प्लॅस्टर घातले तर हा ते कुरतडून टाकील. म्हणून लहान जागा, सपाट मऊ तळ आणि विश्रांती. घरातली माणसांची गोळी त्याला चुकूनही द्यायची नाही. "पेनिसिलीन तर नकोच," ते म्हणाले. "आपल्याला वाचवणारं औषध ह्याला मारतं. ह्याच्या पोटातले उपयोगी जंतू त्याने मरतात."

मग त्यांनी विचारले, "खायला काय घालता?"

"कडब्याची पानं, पोळीचा तुकडा, भिजवलेले हरभरे."

"आणि हिरवं?"

मी गप्प राहिले. एप्रिलपासून बाजारात पालेभाजी महागलेली, कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय नव्हती. जी आणत होते ती माणसांच्या आमटीत जात होती.

डॉक्टरांनी मला जे सांगितले ते मी शाळेत शिकले असेन, पण ऐकले त्या दिवशी. गाय, शेळी, कुत्रा ही जनावरे क जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि गिनीपिगलाही जमत नाही. म्हणूनच तर १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रॉलिक ह्या दोघा संशोधकांना स्कर्व्ही रोगाचे कोडे ह्याच प्राण्याकडून उलगडता आले. नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना खलाशांचा तो जुना रोग जडला आणि ताजी भाजी देताच तो हटला. ह्या रोगात हिरड्या सुजतात, सांधे दुखतात, हाडे कच्ची होतात, प्राणी हलेनासा होतो.

हलेनासा! पाय मोडण्याच्या आधी आठवडाभर ढब्बू कोपऱ्यात बसून होता. आम्ही म्हणत होतो, "ऊन किती आहे! त्याला तरी कुठून उत्साह येणार?" ज्या प्राण्याची साऱ्या जगाने शिकार केली तो आपले दुखणे लपवायला शिकतो; दुबळेपणा दिसला की त्याचा घासच व्हायचा. ढब्बूने आपले दुखणे लपवले आणि आम्ही ते उन्हावर ढकलले. पिंजरा मी आणला होता आणि हिरवा घासही मीच तोडला होता. जाळी शेवटी निमित्त झाली.

घरी आले तर अण्णांनी रंधा काढला होता. माळ्यावरची जुनी सागवानी फळी खाली आली होती. संध्याकाळपर्यंत खोका तयार. कडा घासलेल्या, तळ सपाट, वर जुन्या धोतराची चौपदरी घडी. मी सहज लांबी मोजली; बरोबर अडीच फूट.

"अण्णा, अडीचच का?"

"हाताला तेवढंच माप येतं गं," ते म्हणाले.

बार्शी लाइट रेल्वेचे रूळ दोन फूट सहा इंच रुंदीचे. १८९७ साली ती छोटी गाडी इथून बार्शीला निघाली. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ साली मिरजेला पोचली. मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसायचे ते कुर्डुवाडीला. आषाढीच्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसे. आता तो सारा मार्ग रुंद झाला, छोटी गाडी गेली. अण्णांच्या हातातले माप तेवढे राहिले.

पहिल्या तीन दिवसांत पायापेक्षा पोटाचीच काळजी जास्त होती. गिनीपिगचे आतडे सतत चालू लागते. दिवसभर उपाशी राहिला तर पाय बरा व्हायच्या आधी जीव जायचा. ढब्बू तोंड उघडीना. मग कोवळे गवत वाटून, पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या कडेने थेंब थेंब द्यायचे, दर दोन-तीन तासांनी. रात्रीच्या पाळ्या लावल्या. इथे गजराची गरज नसते. जंक्शनचे गाव, रात्रभर गाड्यांचे भोंगे चालूच. थोरला एरवी हाका मारून उठत नाही, तो गाडीच्या आवाजाला उठून पिचकारी भरू लागला. धाकटी सकाळी विहिरीच्या पाटाकाठची हरळी खुडून आणी. गणपतीला वाहायची तीच दूर्वा. उन्हासाठी खोक्याशेजारी पाण्याने भरलेला माठ आणि खिडकीला ओले पोते. क जीवनसत्त्वाच्या गोळीचा डॉक्टरांनी सांगितला तेवढा तुकडा रोज कुटून. आणि बाजारातून ढब्बू मिरची, कारण तिच्यात ते जीवनसत्त्व भरपूर. ढब्बूने ढब्बू खायची, ह्यावर मुले दोन दिवस हसत होती. घरात त्या आठवड्यात हसायला तेवढेच होते.

शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या. "काय ओ, एवढ्या पैशात दोन नवी आली असती की!"

मला राग आला नाही. त्यांच्या माहेरी १९७२ च्या दुष्काळात दावणीची जनावरे डोळ्यांदेखत गेली होती. कोणत्या जनावरावर किती खर्चावे, हा हिशेब ज्यांनी पोट बांधून केला त्यांना मी काय शिकवणार? त्या रात्री माझी पाळी होती. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला तो ऊबदार गोळा घेऊन मी त्यांच्या प्रश्नाला उत्तर शोधत बसले. मला परळची प्रयोगशाळा आठवली, तीच पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा तो उंदरापासून माणसाकडे येतो कसा, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हते. पुढच्या काही वर्षांत तिथल्या लिस्टन नावाच्या डॉक्टरने आणि १९०५ साली कामाला लागलेल्या संशोधन मंडळाने प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या, त्या मोजल्या, आणि त्यांतले कितीतरी गिनीपिग प्लेगने मेले. पिसू हीच वाहक, हे त्यातून पटले. आपली माणसे घरदार सोडून रानात झोपड्या बांधून राहिली, त्या काळातली ही गोष्ट. हिशेबच करायचा तर देणे आमच्याकडेच निघते.

हे उत्तर मला आवडले. सकाळी मी ते धाकटीला सांगितलेही. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "पण आई, आपण त्याला त्याच्यासाठी बरं करतोय ना? का जाळी आपण आणली म्हणून?"

"जाळी मी आणली म्हणून," मी म्हणाले. प्लेग आणि परळ ह्यांची मदत घेऊनही मला तेवढे टाळता आले नाही.

चौथ्या दिवशी ढब्बूने हरळीचे एक पाते स्वतः ओढून घेतले. तिसऱ्या आठवड्यात कोथिंबिरीची जुडी सोडताना ओसरीवरून शीळ आली. आधी बारीक, मग घरभर. हातातली विळी ठेवून मी तशीच बसून राहिले. महिन्याने डॉक्टरांनी पाय चाचपला. हाड जुळले होते, पण तिथे एक गाठ राहिली होती आणि पाऊल किंचित बाहेर वळले होते. ते तसेच राहणार होते.

ओसरीवर त्याला पहिल्यांदा सोडले तेव्हा सगळे गोळा झाले. तो थांबला, मिशा हलवल्या आणि अण्णांच्या काठीच्या दिशेने निघाला.

"लंगडतोय," मी म्हणाले.

"लंगडू दे," स्वतःचा गुडघा चोळत अण्णा म्हणाले. "जातोय ना जायचं तिथं?"

तो जाळीचा पिंजरा अण्णांनी परसात भोपळ्याचा वेल चढवायला उभा केला आहे. परवा दिवाळीच्या सामानासाठी बाजारात गेले होते, तेव्हा औषधांच्या दुकानातल्या मुलाने गर्दीतून हाक मारली, "बाई, बाळ कसं आहे?"

"नऊशे तीस ग्रॅम," मी सांगितले. ह्या खेपेला त्याने पेन खाली ठेवले नाही; रांगेतल्या दोघीतिघी मात्र माझ्याकडे वळून बघू लागल्या.