पानामागची नक्षी



वेबसाइटच्या पानामागची नक्षी म्हणजे फरशीसारखा एकच छोटा चौकोन, पुन्हा पुन्हा मांडलेला. उजवी कड डावीला आणि वरची खालच्या कडेला जुळली, की सांधा दिसत नाही. तपासायला चित्र अर्धे सरकवायचे. कडा मधोमध येतात आणि चूक लगेच दिसते.

आमच्या महिला मंडळाच्या पानासाठी कुणीतरी भगवंतांची प्रतिमा सुचवली. मी नको म्हटले. पडद्याच्या कडेला चौकोन कुठेही कापला जातो. प्रतिमा अर्धवट दिसणे हा अविनयच ना? त्यापेक्षा वेलबुट्टी बरी. तीही अगदी फिकट, कारण पर्युषणाचे वेळापत्रक सासूबाईंना मोबाइलवर वाचता आले पाहिजे. अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा संकेत आहे. लेकीसुनांना जरूर सांगा.