साडेचार मिलिमीटर

लेकीसाठी रायफल घ्यायची हे ठरल्यापासून ती प्रत्यक्ष घरात येईपर्यंत चार महिने गेले. आमच्या घरात कुठलीच वस्तू इतका वेळ लावून घेतलेली नाही. घर रेल्वेचं, त्यामुळे ते निवडायचा प्रश्नच नव्हता. फ्रिज एका रविवारी दुपारी घेतला. रायफलीच्या बाबतीत मात्र आधी कायदा, मग पैसा, मग शिसं आणि या सगळ्यांच्या मागे उभी असलेली माझी भीती, अशा एकेकाशी बोलणी करावी लागली.

आम्ही लखनौच्या आलमबागेत राहतो. नवरा इथल्या रेल्वेच्या डबे-वाघिणींच्या कारखान्यात आहे. मी घरी बसून भाषांतरं करते; उर्दू-हिंदीतून मराठीत आवडीची, इंग्रजीतून मराठीत पोटाची. लेक सोळाची. एनसीसीच्या शिबिरात तिनं पॉइंट टू-टू रायफलीतून पंचवीस मीटरवरच्या लक्ष्यावर पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. शिबिरातून आली ती हे एकच वाक्य घेऊन. पुढे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळालं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, वडील शिक्षक, स्वतः तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. नवऱ्याला ‘आपला रेल्वेवाला’ म्हणून आनंद, मला ‘आपला कोल्हापूरकडचा’ म्हणून. मुलाच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याचं वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. रायफलीसाठी नाही, गोळ्यांसाठी. त्या तपशिलाकडे तेव्हा आमच्यापैकी फक्त लेकीचं लक्ष गेलं.

तिला हवी होती पॉइंट टू-टू. म्हणजे ५.६ मिलिमीटरची, काडतुसाची रायफल. ते जमणार नाही हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट झालं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अग्निशस्त्राचा परवाना एकविसाव्या वर्षाच्या आत मिळत नाही. त्याखालच्या मुलांना ठरलेल्या अटींवर, देखरेखीखाली सराव करता येतो, एवढंच. उरली एअर रायफल. तिच्यात दारू नसते, दाबलेली हवा छर्रा ढकलते. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळी साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा वीस ज्यूलपर्यंतची असेल, तर परवाना लागत नाही. या दोन आकड्यांच्या आत आमची निवड होती.

मी मात्र त्या आकड्यांच्या बाहेरच अडकले होते. उत्तर प्रदेशात बंदुकीला जो मान आहे तो मला इथे वीस वर्षं राहूनही पचलेला नाही. आमच्या कोकणात ठासणीची बंदूक असते ती शेतावर येणाऱ्या रानडुकरांसाठी. निवडणूक आली की लोक ती पोलीस ठाण्यात जमा करून येतात आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. इथे ३१५ ची रायफल खांद्याला लावून माणसं लग्नाला जातात. वरातीतल्या हवेतल्या गोळीबाराला ‘हर्ष फायरिंग’ असं नाव आहे. या शब्दाचं मराठी मला अजून करता आलेलं नाही. हर्ष आपल्याकडेही आहे, पण त्याला गोळी लागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्यानंतरच्याच एका हिवाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत वरात होती. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी सकाळी रिकामी सापडली, मध्यावर आरपार भोक. लेक आदल्या रात्री आमच्या गच्चीवर वरात बघत उभी होती, थंडी वाजली म्हणून खाली आली होती.

रायफलीचा विषय निघाल्यावर मी तिला त्या टाकीची आठवण करून दिली. ती म्हणाली, “आई, त्या माणसानं नेम धरलाच नव्हता. म्हणून तर ती गोळी कुठंही गेली.”

घरात ती माझ्याशी मराठी बोलते, पण वाढली लखनवीत. ‘निशाना’ हा तिचा रोजचा शब्द. त्या दिवशी तिनं ‘नेम’ म्हटलं. मराठीत नेम म्हणजे लक्ष्य साधणं आणि नेम म्हणजे रोज न चुकता करायची गोष्ट. माझी आजी पहाटे तुळशीला पाणी घालायची तो तिचा नेम. मी वाद पुढे वाढवला नाही. मी तिला माझी एक अट सांगितली: रायफल रोज कुलपात, किल्ली माझ्याकडे. तिनं लगेच मान्य केली.

मग पैसा. स्पर्धेसाठी घडवलेली नवी परदेशी एअर रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते. देशी, मधून मोडून स्प्रिंग ताणायची, ती दहा-पंधरा हजारांत मिळते; पण तिला गोळी सुटताना झटका बसतो. दहा मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तेवढ्या ठिपक्यासाठी झटका देणारी रायफल म्हणजे हलत्या बसमध्ये बसून सुईत दोरा ओवणं. आजच्या बहुतेक रायफलींना हवेचं नळकांडं असतं; ते दोनशे बार दाबानं भरावं लागतं, आणि दहा वर्षं झाली की स्पर्धेत चालत नाही. म्हणजे नळकांडं नवं, भरायला मोठा सिलिंडर वेगळा, तो भरून आणायची ये-जा वेगळी. जुनी रायफल स्वस्त का मिळते, याचं उत्तर बरेचदा त्या नळकांड्यावर कोरलेल्या तारखेत असतं.

आणि शिसं. साठ नेमांची एक स्पर्धा, आधी हात बसवायला आणखी काही. आठवड्यातून पाच दिवस सराव धरला तर पाचशे छर्‍यांचा एक डबा आठवड्याला संपतो. वर्षाचे बावन्न डबे. नवऱ्यानं कागदावर गुणाकार केला आणि म्हणाला, “आपण घरीच ओतू की! शिसं भंगारात मिळतं.”

हा माणूस ओतकामाच्या माणसांत वाढलेला. जुन्या वाघिणींच्या आसांच्या बेअरिंगना आतून पांढऱ्या धातूचं अस्तर ओतत, ते काम त्यानं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे त्याच्या दृष्टीनं ते जवळजवळ लोणीच. म्हणून मी दोन रात्री ओतीव गोळ्यांबद्दल मिळेल ते वाचलं. अमेरिकेत हा मोठा छंद आहे, ओतीव गोळ्यांच्या निराळ्या स्पर्धा होतात. निव्वळ शिसं मऊ पडतं म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळतात. अँटिमनीनं धातू कडक होतो आणि निवताना कमी आकसतो. तिथले लोक यासाठी बंद पडलेल्या छापखान्यांतली लायनोटाइप यंत्रांची धातू शोधत फिरत, कारण तिच्यात हेच मिश्रण आयतं असतं.

इथे मी थांबले. शिसं, अँटिमनी, कथील: हे तर खिळ्यांचं मिश्रण. मी ज्या अक्षरांवर वाढले ती याच धातूत ओतलेली होती. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा; त्याचे देवनागरी खिळे देशभर नावाजलेले. त्याच १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. धातू एकाच खाणीतली असेल नसेल, पण साच्यात ओतायची रीत एकच. आणि दोन्हीकडे सगळी मदार मापावर. खिळा केसभर उंच झाला की कागद फाटतो, केसभर बुटका राहिला की अक्षर उमटत नाही. मागून भरायच्या रायफलीसाठी ओतलेली गोळी नळीपेक्षा केसभर मोठी घेतात, म्हणजे नळीतल्या पिळाच्या कडा तिच्यात रुततात आणि ती गिरक्या घेत सरळ जाते. लहान पडली तर ती पिळात बसत नाही, शिसं नळीला माखतं, नेम जातो. भाषांतरातही सैल बसलेला शब्द असाच मागे माखत जातो. पण ते पुन्हा कधी.

हे सगळं वाचून झाल्यावर नवऱ्याला उत्तर द्यायचं होतं, आणि ते नकाराचं होतं. एअर रायफलीचा छर्रा ओतत नाहीत, शिशाच्या तारेच्या तुकड्यावर ठसा दाबून घडवतात. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, कंबर बारीक, मागचा घेर पोकळ आणि पापुद्र्यासारखा पातळ. स्वयंपाकघरातल्या साच्यातून असा एकसारखा माल निघत नाही. पॉइंट टू-टूला तर घरची गोळी मुळीच चालत नाही, कारण तिच्या काडतुसाची ठिणगी बुडाच्या कडेतच भरलेली असते. एकदा उडालं की ते पुन्हा भरता येत नाही. शिवाय परवान्याशिवाय काडतुसं तयार करणं हा गुन्हा. आणि शेवटचं कारण त्यालाही लगेच पटलं: रक्तातलं शिसं किती असलं म्हणजे चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच नाही. ज्या घरात कणीक मळली जाते तिथे शिसं वितळवायचं नाही. छर्रे हाताळल्यावरसुद्धा साबणानं हात धुवायचे, हा नियम तेव्हापासून कपाटावर लिहिलेला आहे.

छर्‍याचा तो पोकळ घेर मला आणखी एका गोष्टीपाशी घेऊन गेला. १८५७ च्या एनफिल्ड रायफलीची गोळी तोंडाकडून भरायची असल्यानं नळीपेक्षा किंचित लहान ठेवत. तिचं बूड पोकळ असे. बार झाला की ते फुलून पिळाला धरी. सहज सरकावी म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी. ती चरबी कशाची, या प्रश्नावर लखनौतल्या सातव्या अवध इर्रेग्युलर पलटणीनं मे महिन्याच्या सुरुवातीलाच काडतुसं नाकारली. वरसईच्या गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये काडतुसांची हकीकत सांगितली आहे, ते पुस्तक १९०७ मध्ये छापून निघालं. वाजिद अली शाहानं बेगमेसाठी बांधलेली आलमबाग त्या सप्टेंबरात इंग्रजांनी घेतली, आणि औट्रॅम इथेच पुढच्या मार्चपर्यंत ठाण मांडून होता. बागेचं दार अजून उभं आहे. त्याच्या आसपास आता फाळणीनंतर आलेल्यांची दुकानं आणि डोक्यावरून जाणारी मेट्रो. लेकीच्या डबीतल्या छर्‍याचा मागचा घेर बार झाल्यावर फुलून पिळाला धरतो, तो याच युक्तीनं. फक्त तेल-चरबीशिवाय, आणि दहा मीटरवरच्या कागदासाठी.

शेवटी आम्ही जुनी जर्मन रायफल घेतली: बाजूच्या दांडीनं स्प्रिंग ताणायची, फाइनवेर्कबाउ ३०० एस. हिची रचना अशी की बार होताना वरचा भाग रुळावर मागे सरकतो आणि झटका खांद्यापर्यंत पोचत नाही. नळकांडं नाही, तारीख नाही, भरणं नाही. विकणारे गृहस्थ लखनौचेच, निवृत्त नेमबाज. बेचाळीस हजार. सरावाच्या ठिकाणच्या सरांनी ती हातात घेऊन आधी लेकीच्या खांद्याला लावून पाहिली, मग गाल टेकतो तिथली उंची, मग डावा कोपर कमरेच्या हाडावर बसतो का ते. “रायफल बच्ची पर फिट होनी चाहिए, बच्ची रायफल पर नहीं,” ते म्हणाले. मग तीन निरनिराळ्या मापांचे छर्रे, ४.४९, ४.५० आणि ४.५१, प्रत्येकी दहा झाडून पाहिले. ४.५० चे एकत्र बसले. त्याच मापाचे डबे आम्ही घेतो. महिन्याला तीन हजारांच्या आसपास. हे पैसे मी इंग्रजीच्या कामातून बाजूला काढते. म्हणजे औषधांच्या वेष्टनांवरच्या सूचनांचं मराठी करून आलेल्या पैशांचं शिसं होतं.

कुणी विचारलं तर मी आता उलटं सांगते: आधी वर्षाच्या छर्‍यांचा हिशेब मांडा, त्यातून उरेल त्यात रायफल बघा. महागडी रायफल आणि रिकामा डबा, याला काही अर्थ नाही.

आमच्या क्वार्टरमध्ये दहा मीटर सरळ जागा नाही. सरावाच्या ठिकाणी जायचं नसतं त्या संध्याकाळी ती किल्ली मागते, रायफल रिकामी असल्याचं मला दाखवते आणि बैठकीच्या खोलीत उभी राहते. समोरच्या भिंतीवर कागद, कागदावर मी पेनानं दिलेला एक पूर्णविराम. छर्रा नाही, आवाज नाही. रायफल वर, श्वास अर्धा बाहेर, बोट, थांबणं, रायफल खाली. असं साठ वेळा. पलीकडे मी काम करत असते. अधूनमधून वर बघते, ती हलत नाही, आणि मी परत माझ्या ओळीवर येते.